नाताळचा पेरू

आल्बिनाबाईंचं पत्र गणपतीनंतर आलं. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र पोर्तुगालहून, डोंगरातल्या एका लहानशा गावातून आलं होतं. शब्दकोशाच्या मदतीने मी लावलेला अर्थ असा: 'तुमचा पेरू आता चांगला जाडजूड झाला आहे. तुम्ही नाताळला येणार म्हणाला होतात. येणार असाल तर त्याला तेव्हाच कापू. नसाल तर माझे मुलगे फ्रान्सहून येतात, ते खातील. कापायचा नसेल तर कळवा. पत्र आलं नाही तर तुमची हरकत नाही असं समजेन.'

पेरू म्हणजे आपलं फळ नव्हे. पोर्तुगीज लोक टर्की कोंबड्याला पेरू म्हणतात. हे मला आता माहीत आहे. ऑगस्टमध्ये माहीत नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्तीनंतर 'आपल्या बोलण्यातले पोर्तुगीज शब्द' असा एक लेख लिहिला. तो एका दिवाळी अंकात छापून आला आणि माझ्या माहितीप्रमाणे एकट्या वॉल्टरने वाचला. वॉल्टर माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या वसईजवळच्या सातिवलीतला रबरी वायसर बनवायचा गाळा मुलाच्या हवाली करून तो मोकळा झाला होता. लेख वाचून त्याने निष्कर्ष काढला की मला पोर्तुगीज येतं.

"क्लेटनची मोटरसायकल तिकडे पडून आहे," तो म्हणाला. क्लेटन त्याचा भाचा, पोर्तोला नोकरी करतो. "आपण दोघं पोर्तुगाल फिरायचं. गाडी मी बघतो, भाषा तू बघ."

"अरे, मला फक्त पाव, साबण, चावी असले शब्द येतात."

"मग अजून काय लागतं माणसाला?"

मला नाही म्हणायला नेहमीच उशीर होतो. सरावासाठी आम्ही काही रविवार त्याच्या बुलेटवरून कामणपर्यंत जाऊन वडापाव खाऊन आलो. मी मागे बसून डोळे मिटण्याचा सराव केला. माझी बायको आशालता म्हणाली, "जा हो. तुम्ही पुस्तकात पडून राहण्यापेक्षा गाडीवरून पडलात तर निदान लोकांना सांगता येईल."

पोर्तोहून निघताना वॉल्टरने जाहीर केलं की मोठ्या रस्त्याने जायचं नाही. तिथे लोक उजव्या बाजूने चालवतात, ते त्याला जमणार नव्हतं. आडरस्त्यांवर कुणी नसतंच, मग बाजू कुठलीही चालते. ते खरं निघालं. कच्चे रस्ते, दोन्हीकडे दगडी गडगे, वर चेस्टनटची झाडं. तासन्‌तास समोरून कुणी आलं नाही. शेवटी एक शेळी आली, आणि तीही डाव्या बाजूने.

माझी भाषा एका मर्यादेपर्यंत उत्तम चालली. मुक्कामाच्या ठिकाणी मी चावी मागितली, चावी मिळाली. साबण, टुवाल, बादली, सगळं मिळालं. माझ्या पोर्तुगीजमध्ये आंघोळ पूर्ण करता येत होती, त्यापुढे संभाषण जात नव्हतं. जेवायला मी पाव मागायचो आणि पावच यायचा. सततच्या पावाने वॉल्टरचं पोट अडून बसलं.

"मला फळ पाहिजे," तो एका सकाळी म्हणाला. "पेरू मिळाला तर बघ. पेरू पोर्तुगीजांनीच आणला असं तूच लिहिलंयस."

त्याच दिवशी एका गावात चर्चसमोर सणाची गर्दी दिसली. पायऱ्यांवर एक जाडा माणूस लोकांनी सेंटला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव करत होता. लोणच्याच्या बरण्या, केक, कांद्यांच्या माळा. "आमच्या फेस्तासारखंच," वॉल्टर खूश होऊन म्हणाला. "जा, विचार."

मी पुढे गेलो आणि त्या माणसाला हळूच म्हटलं, "पेरू?"

तो असा खूश झाला की मला वाटलं, वसईकरांना ओळखतो की काय. "पेरू!" तो गर्जला. मागून एका टोपलीतून काळा, लाल मानेचा, खुर्चीएवढा पक्षी बाहेर आला. टाळ्या पडल्या. माझं 'पेरू' ही बोली धरून तो माणूस आकडे ओरडू लागला. एक आजोबा हात वर करत होते, मग त्यांनीही सोडून दिलं. जाड्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "नांव?"

कुणी नाव विचारलं की सांगावं, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "जयवंत."

"जायवांत!" तो ओरडला आणि पक्षी माझ्या हातात दिला.

पोर्तुगीजमध्ये नांव म्हणजे नाही. तो विचारत होता, 'आणखी कुणी नाही ना?'

मी पक्षी परत करायला निघालो तर वॉल्टरने माझी बाही धरली. "देवाच्या लिलावातलं परत करायचं नसतं. पैसे मी देतो, पण ह्याला धरणार तू."

तेव्हापासून आम्ही तिघं झालो. पुढे वॉल्टर, मागे मी आणि आमच्या मध्ये पोत्यात बसलेला, मान बाहेर काढलेला तो. त्याची चालायची ऐट बघून वॉल्टरने त्याचं नाव पाटील ठेवलं. डोंगरातल्या प्रत्येक वळणावर वॉल्टर हॉर्न वाजवायचा आणि पाटील मोठ्याने 'गोबल-गोबल' करून उत्तर द्यायचा. मग वॉल्टर सरळ रस्त्यावरही हॉर्न वाजवू लागला.

"अरे, कशाला?"

"तो वाट बघत असतो."

पेट्रोल पंपावर एका बाईंनी आमचा फोटो काढला. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला खोली नाकारली, आणि पाटील वॉल्टरच्या हेल्मेटमध्ये मान घालून बसलेला असल्यामुळे आम्हाला वादही घालता आला नाही.

मला मात्र त्याची सवय झाली. मी बोलायला घाबरतो. वाक्य मनात तीनदा जुळवतो, तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. पाटीलशी तसं नव्हतं. मी काहीही म्हटलं तरी तो लगेच उत्तर द्यायचा आणि माझ्या व्याकरणाबद्दल त्याचं काही म्हणणं नसायचं. उतारावर तो मान माझ्या कोपरावर टेकवून डोळे मिटायचा. म्हणजे गाडीवर डोळे मिटणारे आम्ही दोघं झालो.

शेवटचा मुक्काम आल्बिनाबाईंकडे पडला. रस्ता संपतो तिथे त्यांचं घर. नवरा गेलेला, मुलगे परदेशी. वॉल्टरच्या मावशीचं नावही आल्बिना, तेवढ्यावर त्याने त्यांना मावशी करून टाकलं. विमानात पाटीलला घेणार नव्हते, म्हणून आम्ही त्याला त्यांच्या कोंबड्यांत सोडलं. निघताना वॉल्टरने हात हलवत, हाही शब्द पोर्तुगीजांचाच म्हणून, आगाऊ शुभेच्छा दिल्या: "नाताळ! नाताळ!" त्यांनी पाटीलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

म्हणून ते पत्र.

उत्तर मी रोज लिहायला घेत होतो. आधी बाईंना काय संबोधावं यात अडकलो. मग 'कापू नका' ही विनंती की आज्ञा यात अडकलो. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्हींची रूपं वेगळी होती आणि दोन्ही मला उद्धट वाटत होती.

"अहो, तुमचं व्याकरण सुधारेपर्यंत त्याचा रस्सा होईल," आशालता म्हणाली. तिने मोबाईल घेतला आणि त्यातल्या भाषांतराच्या सोयीत लिहिलं, 'आमचा पेरू कापू नका.' जे आलं ते मी शब्दकोशात पाहिलं. आमचं फळ चिरू नका, असा अर्थ होता.

"मग टर्की लिहिते." तिने लिहिलं. मी पुन्हा शब्दकोश उघडला.

"काय झालं?"

"तुर्कस्तानचे तुकडे करू नका, असं झालंय."

"तेही चांगलंच आहे," ती म्हणाली, "पण ह्याचं काय?"

तेवढ्यात वॉल्टर आला. अजून उत्तर गेलं नाही हे कळल्यावर तो सोफ्यावर बसला.

"मी ओरडलो ना ते नाताळ नाताळ," तो म्हणाला. "लिही रे काहीतरी. चुकीचं लिही. चुकीचं बोलून तर तू त्याला आणलास."

"पत्रात चूक कायमची राहते, वॉल्टर."

"आणि पाटील?"

आशालता म्हणाली, "मोठी वाक्यं कशाला? नवीन बाईला घरकाम सांगतो तसं सांगा. हे इथे ठेवा, तिथे ठेवू नका. संपलं."

मी माझा लेख काढला. त्यातले शब्द वाचत गेलो. वरांडा त्यांचाच होता. मेज त्यांचंच. पेरूचा प्रश्नच नव्हता. मी एका कागदावर लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं: "पेरू ना वरांडा. नांव ना मेझा."

वॉल्टरचा चेहरा पडला. "पेरू ना वरांडा? म्हणजे वरांड्यातही नको?"

"ना म्हणजे मध्ये. नांव म्हणजे नाही. पेरू वरांड्यात. मेजावर नाही."

"आणि नावाला काय म्हणतात?"

"नोम."

"बरं झालं, तेव्हा ठाऊक नव्हतं."

खाली मी तिघांची नावं लिहिली. आशालताने त्याच्या दाण्यापाण्यासाठी काही पाठवायचं का विचारलं, तेव्हा वॉल्टर म्हणाला की क्लेटनला सांगतो, तो मक्याचं पोतं पोचवेल. पण क्लेटनला गावाचा रस्ता सापडणं कठीण होतं, कारण आम्हालाही तो हरवल्यावरच सापडला होता. तेव्हा सगळी भिस्त कागदावर.

आम्ही दोघं लगेच पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

मी उत्तर जुळवत होतो. वॉल्टर म्हणाला, "पेरूचं आहे."

"फळं बाहेरगावी चालत नाहीत, काका."

"फळ नाही, कोंबडा आहे."

बाईंनी पाकीट उजेडात धरलं.

"फक्त पत्र आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. "आणि ते नाताळच्या आधी पोचायला हवं."

त्यांनी तिकिटं दिली. मी चिकटवली. मग एकाएकी मला शंका आली की 'ना' बरोबर आहे की तिथे दुसरं काही यायला हवं होतं, आणि मी खिडकीत हात घालून म्हणालो, "जरा एक मिनिट परत देता का?"

पण बाईंनी शिक्का मारून पाकीट मागच्या पिशवीत टाकलं होतं, आणि माझ्या मागचा माणूस रजिस्टरचा फॉर्म मागत होता.