शिळं पाणी

कॉम्प्युटर कधी चुकत नाही, असं म्हणणाऱ्याला जरा माझ्याकडे पाठवा. धरणातलं पाणी शहराला किती, शेतीला किती, उन्हाने किती उडणार, हे कॉम्प्युटरच्या मॉडेलवर मांडणं, हे पाटबंधारे खात्यातलं माझं काम. मार्चमध्ये मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, की पुण्याला दिवसाआड पाणी द्या, मे महिन्यात शेतीसाठी कालव्याला पाण्याची एक पाळी नक्की सुटेल.

एप्रिल अर्धा सरला, तरी धरण आपलं पहिल्याच वेगाने खाली. आमचे विश्वजीत साहेब म्हणाले, "दीक्षा मॅडम, आपलं मॉडेल पाणी वाचवतंय खरं. धरणाला कुणी कळवलेलं दिसत नाही."

त्यात गेनबांचा फोन. कालव्याच्या पार शेवटी त्यांची डाळिंबाची बाग. "ताई, पाळी सुटनार हाय का न्हाय? धा वर्साची झाडं हाईत, जळून जातील." मी "बघते" म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आमच्या बिबवेवाडीत नळाला पाणी यायचा वार. सकाळी बघते तर आई भरलेलं पिंप मोरीत उपडं करतेय!

"अगं आई, काय हे?"

"शिळं झालंय. ताजं येतंय ना आता."

"परवाच भरलंस ना?"

"मग? परवाचं पितात का कुणी?"

मी गॅलरीत गेले. वरच्या मजल्यावर, समोरच्या बिल्डिंगमध्ये, जिथे तिथे धो धो. धास्तीने दुप्पट भरायचं आणि नळ आला की ओतायचं! कपाळावर हात मारला. माझ्या मॉडेलमध्ये बाष्पीभवन होतं, गळती होती, आई नव्हती.

पुढच्या वाराला चार सोसायट्यांत फिरून ओतलेली पिंपं मोजली आणि साहेबांसमोर कागद ठेवला. पाणी रोज द्या, पण तासभरच. रोज येतंय म्हटल्यावर कोण कशाला साठवेल?

"आणि नाही ऐकलं लोकांनी तर?"

"तर बदली मीच मागून घेते."

पंधरा दिवसांत धरणाची घसरण मंदावली. मे महिन्यात कालव्याचं दार उघडलं. शेवटच्या शेताला पाणी पोचायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

पाचव्या दिवशी गेनबांचा फोन आला. त्यांनी फोन बागेतल्या पाटाजवळ धरला नुसता. खळखळ ऐकून मला रडूच फुटलं. मी फोन आईच्या कानाला लावला.

तिच्या हातात कालच्या पाण्याचा तांब्या होता, मोरीत ओतायला निघालेला. ऐकत ती तशीच उभी राहिली. मग पेला घेतला, त्यात ते पाणी ओतलं आणि प्यायली.

"बरंय की," ती म्हणाली, "काही झालेलं नाही याला."