कूलरची चप्पल

आमच्या घरात एक चप्पल अशी आहे, जी कुणाचीच नाही. रबराची, निळी, टाचेला झिजलेली. बैठकीच्या खिडकीखाली, कूलरच्या पायाशी ती पडलेली असते. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा शकुबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (त्यांना मी आत्याबाई म्हणते), मला सगळं घर दाखवलं. तिखटमिठाचे डबे इथे, प्यायचं पाणी तिथे, आणि ही कूलरची चप्पल.

"हे घातल्याबिगर कूलरात पाणी टाकू नोको बरं, सुचिता. करंट मारते."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

माझं माहेर लोधीखेड्याचं. तिथेही असाच पत्र्याचा कूलर होता, पण तो कुणाला करंट मारत नसे. न्हाणीच्या मागे जमिनीतून एका पाइपाचं तोंड वर आलं होतं आणि उन्हाळाभर त्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. कशाला, असं विचारलं की बाबा म्हणायचे, घरातली एक वायर खाली मातीत गेली आहे, तिला तहान लागते. तेवढ्या माहितीवर मी मोठी झाले.

सासरी असला पाइप नव्हता. बाकी काही कमी नव्हतं. माझे सासरे रघुनाथराव, त्यांना मी मामाजी म्हणते, संत्र्याच्या व्यापारातले जुने माणूस. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा त्यांनी अंगणभर चकचकीत फरशी बसवून घेतली, जणू कलेक्टर पहिला चहा आमच्याकडेच घेणार होता. भिंतींवर पांढरेशुभ्र थ्री-पिनचे सॉकेट लावले. वर एक मोठं भोक, खाली दोन बारकी. त्या वरच्या भोकाचा आमच्या घरात एकच उपयोग होता. त्यात आगपेटीची काडी खुपसायची, म्हणजे खालच्या भोकांची झाकणं सरकतात आणि कसलाही दोन पिनांचा प्लग आत जातो. कूलरच्या प्लगची वरची जाड पिन तर प्रफुल्लने पक्कडीने तोडूनच टाकली होती, कारण ती आड येत होती. प्रफुल्ल माझा नवरा. माणूस सोन्यासारखा, पण बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

कूलर भरायचं काम बायकांचं. मामाजींना मी कधी बादली उचलताना पाहिलं नाही. ते फक्त गार हवेत बसून संत्र्याचे भाव बोलायचे. आत्याबाई चप्पल घालून, पदर सावरून, पत्र्याला हात न लावता पाणी ओतायच्या. कधी चुकून लागलाच, तर "आई गं" म्हणून हात झटकायच्या आणि पुन्हा बादली उचलायच्या. मीही चप्पल घालू लागले. माणसाला कशाचीही सवय होते.

यंदा होळी झाली आणि माझी रेवा उभी राहायला लागली. हाताला येईल ते धरून उठायची. खाटेचा खूर, आजीचं लुगडं, धान्याची कोठी. त्याच सुमारास एका सकाळी मामाजी म्हणाले, "प्रफुल्ल, कूलर उतरव गच्चीवरून. ऊन तापून राहिलं."

मी खिडकीखालच्या जागेकडे पाहिलं. कूलरच्या पत्र्याची कड बरोबर रेवाच्या हाताच्या उंचीवर येणार होती. आणि तिच्या पायाच्या मापाची कूलरची चप्पल मी कोणत्या दुकानातून आणणार होते?

"मामाजी, अर्थिंग केल्याबिगर यंदा कूलर लागणार नाही," मी म्हटलं.

"इतके साल चालला न? कोणी मेलं काय?"

"कोणी मरायची वाट पाहाची काय?"

प्रफुल्ल छताकडे बघायला लागला. आत्याबाईंनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मी राहिले नाही. मी रेवाला उचलून मामाजींच्या मांडीवर बसवलं आणि म्हटलं, "इले सांगा मंग तुमी. कूलरले हात लावू नोको म्हना. आयकते का पाहा."

रेवाने आजोबांचा चष्मा ओढला. मामाजींनी वैतागून सागरला फोन लावला.

सागर तिगावचा, मामाजींच्या नात्यातला, वायरमन. त्याने खिडकीखालचं सॉकेट खोललं. आत एक लाल वायर, एक काळी. वरच्या मोठ्या भोकामागे, जिथे मातीत जाणारी वायर हवी, तिथे काहीच नव्हतं, नुसतं कोळ्याचं जाळं.

"वहिनी, लई घरी असंच राह्यते," तो म्हणाला. "वरचं भोक रिकामंच."

"मंग भर ते."

मामाजींनी त्याला खूण केली, ती मला दिसली. सुनेची समजूत काढ आणि मोकळा हो, अशी. सागरने हिरव्या वायरचा बोटभर तुकडा कापला आणि सॉकेट हातात धरून, वरच्या भोकाच्या स्क्रूपासून डावीकडच्या, काळ्या वायरच्या स्क्रूला जोडला. मग मामाजी म्हणाले, कूलरची वायर खालून येते, ती वाकू नये म्हणून सॉकेट उलटं बसव. सागरने ते उलटं केलं, मोठं भोक खाली. आणि हाताला रोजची सवय, लाल उजवीकडे, काळी डावीकडे, तशा वायरी देऊन स्क्रू पिळले आणि मेन सुरू केला.

"झालं अर्थिंग," मामाजी म्हणाले.

"हे हिरवी वायर मातीत कोठून गेली?" मी विचारलं. "हे तं शेजारच्या भोकात जाऊन बसली."

"वहिनी, चालते तसं."

"पिन लाव न आता," मामाजी म्हणाले. "आन अंदर कूलर."

मी सागरच्या खिशातला टेस्टर काढला. मला विजेतलं फार कळत नाही, पण एवढं कळतं की मातीच्या वायरच्या भोकात दिवा लागायला नको. मी टेस्टर त्या मोठ्या भोकात घातला आणि वर बोट ठेवलं.

टेस्टरमध्ये लाल दिवा लागला.

सागरने टेस्टर माझ्या हातातून घेतला, स्वतः लावून पाहिला आणि धावत जाऊन मेन बंद केला. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. सॉकेट उलटं झाल्यावर त्यातलं उजवं डावं झालं होतं आणि सवयीच्या हाताने लाल वायर नेमकी त्या हिरव्या तुकड्याला मिळाली होती. मी नवा तीन पिनांचा प्लग आणून ठेवलाच होता. तो लावला असता, तर कूलरचा अख्खा पत्रा जिवंत झाला असता. आतापर्यंत तो नुसता झटका द्यायचा.

"चुकलं वहिनी," सागर म्हणाला. "लई चुकलं."

मला राग इतका आला होता की रडू येत होतं. मी न्हाणीमागून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, अंगणात गेले आणि नव्या फरशीच्या सांध्यात तिचं टोक घातलं.

"ओ सुनबाई! फरशी हाय ते!" मामाजी ओसरीवरून ओरडले.

"दिसून राहिली मले."

मी जोर लावला. फरशीचा कोपरा उचलला गेला. दुसऱ्या जोराला ती मधोमध फुटली. मला वाटलं, आता मामाजी सब्बल हिसकावतील. तेवढ्यात मागून प्रफुल्ल आला. त्याने बापाकडे पाहिलं नाही. माझ्या हातून सब्बल घेतली आणि म्हणाला, "बाजूले हो. माती मी काढतो." लग्नानंतर मला तो इतका आवडला नव्हता कधी.

मामाजी पाठ फिरवून बसले. प्रफुल्ल खणत राहिला. खाली मुरूम लागला, ठिणग्या उडायला लागल्या, प्रफुल्लच्या हाताला फोड आले. मग पाठमोऱ्या मामाजींचा आवाज आला.

"तिथं नोको खंदू. मुरूम हाय. नळापाशी खंद, तिथं ओल राह्यते."

म्हणजे आणखी एक फरशी. त्यांनीच सांगितलं.

नळापाशी खड्डा झाला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं. सागरने हिरवी वायर या वेळी पाइपापासून भिंतीवरून आत नेली, अखंड. सॉकेट सरळ बसवलं, मोठं भोक वर. विजेची गळती झाली की आपोआप पडणारं बटण मीटरजवळ लावलं. सगळं झाल्यावर मी न विचारताच त्याने टेस्टर माझ्या हातात दिला. मोठ्या भोकात दिवा लागला नाही.

कूलरला नवा प्लग बसवला आणि तो खिडकीखाली लागला. मी बादली भरली, चप्पल पायाने बाजूला सारली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पत्र्यावर हात ठेवला. पत्रा नुसता गार होता.

"आत्याबाई, या."

त्या आल्या आणि सवयीने चप्पल शोधू लागल्या.

"नाई, तशाच या."

त्यांनी एक बोट लावलं आणि झटक्याने मागे घेतलं. काही झालं नव्हतं, हाताने स्वतःच माघार घेतली होती. पुन्हा लावलं. मग चार बोटं. मग पूर्ण तळवा पत्र्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्यांचे डोळे भरून आले.

"मले वाटे, कूलर असाच राह्यते," त्या म्हणाल्या. मग मामाजींकडे वळल्या. त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. "इतकंच होतं का वो हे? एका दिवसाचं काम? मंग आजवर काऊन नाई केलं?"

मुद्दाम नाही केलं, असं मामाजी म्हणू शकले असते, आणि ते खरंच होतं. त्यांना कधी झटका बसलाच नव्हता.

खाली रेवा रांगत आली, कूलरची कड धरली आणि उभी राहिली. कुणीही तिला ओढलं नाही.

"त्या पाइपात रोज पानी टाका लागते," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते मी नाई टाकणार."

मामाजी उठले. त्यांनी बादली उचलली आणि नळाकडे गेले.