दारातली काठी

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. आधी डोंगर गेला, मग डोंगराच्या पायथ्याची थडगी गेली, आणि चार वाजेपर्यंत लुआनांच्या गावातली घरं एकेकटी तरंगायला लागली. लानशिन स्वयंपाकघरात बसून जियाओझींच्या, म्हणजे उकडायच्या करंज्यांच्या, कडा मुरडत होती. सारण मुळ्याचं आणि सुक्या जवळ्याचं. तिच्या आईला जवळा भरपूर लागायचा. कमी पडला तर ती बोलायची नाही, नुसती एक जियाओझी फोडून आत डोकावायची, आणि तेवढ्यानंच करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. आज लानशिननं हात सैल सोडून जवळा घातला होता.

आई वसंतात गेली होती. म्हणून यंदा दुखवट्यात दारावर सणाचे लाल कागद लागले नव्हते. आज संध्याकाळी घरातले पुरुष थडग्यांवर जाऊन पूर्वजांना सणाला घरी घेऊन येणार होते, आणि त्यांच्यात पहिल्यांदाच आई असणार होती. ती यायच्या आत लानशिनला घराबाहेर पडायचं होतं.

लग्न करून दिलेली मुलगी परक्या घरची. तिनं या संध्याकाळी माहेरच्या पूर्वजांना पाहिलं तर भावाच्या घराला उतरती कळा लागते, असं गावात मानतात. बाकीच्या मुली त्या वेळी सासरीच असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. लानशिन मात्र नवऱ्याला सोडून कायमची माहेरी आली होती. तिकडचे पूर्वज आता तिचे नव्हते आणि इकडचे तिला मिळत नव्हते. ही रीत ज्यानं काढली त्याला बहुधा मुलगी नसावी.

आधीची दोन वर्षं ती मुकाट्यानं गावाच्या पूर्वेच्या टोकाला, टोफूवाल्या सोंग आजीकडे जाऊन राहिली होती. आजी विधवा. तिच्या सासरचे पूर्वज तिच्या मोठ्या दिराकडे उतरायचे, त्यामुळे तिचं घर मोकळं असायचं. अंधार पडला की आई कोटाच्या आत वाडगा लपवून तिकडे यायची. गुडघा दुखायचा म्हणून दर थोड्या अंतरावर थांबायची, विहिरीच्या कट्ट्याशी जास्तच वेळ थांबायची, आणि आत आल्यावर पहिलं वाक्य असायचं, “गरम आहे तोवर खा, मला उशीर होतोय.” लानशिनसाठी सण म्हणजे तेवढंच.

यंदा मात्र तिनं सकाळी तोंड उघडलं होतं. थोरले काका, म्हणजे बाबांचे सर्वांत मोठे भाऊ आणि घराण्यातले कर्ते, आठवण करून द्यायला आले तेव्हा तिनं विनवलं, की मी स्वयंपाकघरातच दार लावून बसेन, पूर्वजांची नावं लिहिलेल्या पटाकडे डोळा वर करून बघणार नाही, फक्त आई येईल तेव्हा मला या छपराखाली असू द्या. वहिनी उगाचच चुलीतली राख सारखी करत राहिली. भाऊ वेनथाओ म्हणाला, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुझ्या आईनं जन्मभर ही रीत पाळली,” ते म्हणाले. “तुला ती स्वतःच बाहेर पाठवायची. आता तिच्याच नावानं मोडायची का, पोरी?”

खरंच होतं ते. बाबा कोपऱ्यात बसून दारात आडवी टाकायची काठी फडक्यानं पुसत होते. पूर्वज आत आले की ती काठी उंबऱ्याबाहेर टाकतात. मग बाहेरची भुतंखेतं आत शिरत नाहीत, आणि आतले सण संपेपर्यंत निघून जात नाहीत. बाबांनी ती इतकी पुसली की लाकूड चमकायला लागलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या घरात बोलायचं काम आईकडे होतं, आणि ती गेल्यावर ते कुणी उचललं नव्हतं. लानशिनला बाबांचा राग आला. तो राग आणि थोड्या कच्च्या जियाओझी टोपलीत घेऊन ती निघाली.

सोंग आजीच्या घरात कढईवर सोयाबीनचं दूध उकळत होतं. आत वाफ आणि बाहेर धुकं, मधे खिडकीची काच, त्यामुळे आपण आत आहोत की बाहेर हेच लानशिनला कळेनासं झालं. आजीनं तिला गरम दुधाचा वाडगा दिला आणि आपण चुलीपाशी डुलक्या घेऊ लागली. लानशिनचेही डोळे मिटत होते. आई थडग्यातून उठून बसली असेल, तिनं केस सारखे केले असतील, जोडे शोधले असतील, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं. जोडे लानशिननंच शिवले होते, उजवा जरा सैल, सुजलेल्या पायासाठी. आता आई ते घालून घरी जाईल आणि खोलीखोलीत आपल्याला शोधेल.

फटाके वाजले, पण रजईत वाजावेत तसे. डोंगराकडून कंदील उतरले. प्रत्येकाच्या हातात पेटती उदबत्ती होती, कारण पूर्वज तिच्याच मागून चालत येतात. काचेतून माणसं दिसत नव्हती, नुसते लाल ठिपके दिसत होते. ठिपक्यांचा घोळका तिच्या माहेरच्या दाराशी वळला आणि विझल्यासारखा आत गेला.

एक ठिपका मागे राहिला होता. थोडा पुढे यायचा, थांबायचा. पुन्हा थोडा पुढे, पुन्हा थांबायचा. लानशिन उठून उभी राहिली. ही चाल तिच्या ओळखीची होती. ठिपका त्या दारापाशी आला, तिथे बराच वेळ रेंगाळला, आणि न वळता सरळ पुढे निघाला. विहिरीच्या कट्ट्याशी तो जास्तच वेळ थांबला. लानशिन दाराकडे धावली.

तिनं दार उघडलं तेव्हा समोर बाबा होते. एका हातात उदबत्ती, दुसऱ्या काखेत काठी. त्यांच्या मागून धापा टाकत थोरले काका आले.

“तिसऱ्या, घर मागे राहिलं!” भावांत बाबा तिसरे, म्हणून काका त्यांना तशीच हाक मारायचे.

“माहीत आहे मला,” बाबा म्हणाले.

“मग इकडे कुठे निघालास?”

“मी कुठे निघालो? मी दाराशी वळलो होतो, ती वळेना.” बाबांनी खांद्यावरून मागे पाहिलं, जणू कुणी मागे उभंच होतं. “दादा, लग्न झाल्यापासून तिच्याशी वादात मी एकदाही जिंकलो नाही. तू बघ प्रयत्न करून.”

काकांनी उदबत्तीकडे पाहिलं. ती जळत होती आणि धूर आजीच्या घरात शिरत होता. पेटती उदबत्ती मागे फिरवली किंवा विझवली तर येणारा वाटेतच हरवतो आणि वर्षभर भटकत राहतो. हे घराण्यातल्या प्रत्येक मुलाला काकांनीच शिकवलं होतं.

“आणि हिनं पूर्वजांना पाहिलं त्याचं काय?” शेवटी ते म्हणाले.

“पूर्वज घरी पोचले, वेनथाओ आहे त्यांच्यापाशी,” बाबा म्हणाले. “इथे फक्त हिची आई आलीय.”

बाबा आत आले. सोयाबीनच्या दाण्यांनी भरलेल्या वाडग्यात त्यांनी उदबत्ती खोचली, मग दाराशी परत जाऊन ती चमकणारी काठी दारात आडवी टाकली. काका पलीकडे बाहेरच उभे होते. त्यांच्या टोपीवर धुक्याचे थेंब साचले होते. म्हाताऱ्या माणसाला इतका वेळ थंडीत उभं केलं म्हणून लानशिनलाच वाईट वाटलं.

“सकाळी पोरांना इकडेच पाठवतो, तिच्यापुढे डोकं टेकायला,” ते हळूच म्हणाले आणि धुक्यात निघून गेले.

सोंग आजी जागी झाली होती, पण झोपेचं सोंग करत होती. लानशिननं जियाओझी उकळल्या आणि पहिला वाडगा उदबत्तीपुढे ठेवला. वाफ वर चढली आणि धुरात मिसळली.

“बाबा,” तिनं विचारलं, “ती खरंच वळली नाही?”

बाबांनी जेवणाच्या काड्यांनी त्या वाडग्यातली एक जियाओझी उचलली, फोडली आणि आत डोकावून पाहिलं.

“जवळा कमी पडलाय म्हणते,” ते म्हणाले.

आई गेल्यापासून लानशिन पहिल्यांदाच रडली, आणि चांगली मोठ्यानं रडली. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरात रडू नये, अशीही त्या गावात एक रीत आहे. ती त्या दिवशी कुणाला आठवली नाही.