सातवा मणी

मित्रांनो, माझ्या पाठीवरून हात फिरवताना जपा, लाकडाचं कुसळ बोटात शिरेल. मी सागवानी लाकडाचा, चार चाकांचा, एक शिंग मोडलेला जुना बैल आहे. चारा खात नाही, हंबरत नाही, पण अपमान झाला की मला बरोबर कळतो. लोक मला खेळणं म्हणतात. म्हणोत बापडे. एका लेकराचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला होता, आणि तो वाचवण्यातही माझा वाटा होता. मी दोन्ही सांगणार आहे, काही लपवणार नाही.

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या मोहगावच्या भिवाजी सुताराने मला घडवलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात आणि घरोघरी खाऊ मिळवतात. मुलं म्हणजे फक्त मुलगे, असं म्हाताऱ्या पुंडलिकरावांचं ठाम मत होतं. त्यांच्या सुनेला, जयवंताला, ते मुळीच पटत नव्हतं. तिने आपल्या तीन वर्षांच्या छायासाठी मला मुद्दाम बनवून घेतलं. पोरीच्या जातीला बैल कशाला, असं सासरे दोनदा म्हणाले. जयवंताने वाद घातला नाही. तिने आपल्या तुटक्या पोतीतले सात पितळी मणी काढले, दर मण्यानंतर गाठ मारत सुतात ओवले आणि माझ्या गळ्यात बांधले. मग काय विचारता! अंगणात मी असा ताठ उभा राहिलो, की गोठ्यातल्या खऱ्या बैलांनीही मान वळवून पाहिलं.

हे एकोणीसशे सत्तावन्न सालचं. आदल्या दिवाळीत राज्यांची नवी मांडणी झाली होती. तोवर नागपूर हीच आमची राजधानी होती. कापूस तिकडे जाई, निम्मे सोयरे तिकडे राहत. ते नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. बोली तीच, सोयरीक तीच. नागपूरला निघालेल्या माणसाला लोक ‘परदेशी चालला का बापा’ म्हणून चिडवत आणि हसत. त्या पोळ्यापर्यंत ती नुसती गंमतच होती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी छाया मला ओट्यावर फिरवत होती. फिरवता फिरवता तिने माझी माळ दातात धरून ओढली. सूत तुटलं, गाठींमुळे बाकीची माळ माझ्या गळ्यात लोंबत राहिली, आणि छायाला जबरदस्त ठसका लागला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. मग ठसका थांबला, श्वास परत आला, पण त्या श्वासात एक बारीक शिट्टी वाजायला लागली.

शेजारची मनकर्णा धावत आली. ती गावातल्या लेकरांच्या घाट्या उचलायची, म्हणजे घशात बोट घालून पडजीभ वर दाबायची. तिने बघताक्षणी सांगितलं, घाटी पडली. पुंडलिकराव म्हणाले, नजर लागली, बैल घेऊन नाचवा अजून पोरीला. कोणी म्हणालं केळं चारा, अडकलेलं खाली उतरेल. जयवंता यातलं काहीच ऐकत नव्हती. ती गुडघ्यावर बसून माझ्या गळ्यातले मणी मोजत होती. सहा भरले. तिने ओटा झाडला, पायरीखाली हात घातला, पुन्हा मोजले. सहाच. मग तिने छायाच्या छातीला कान लावला. डाव्या अंगाला श्वास नीट येत होता, उजव्या अंगाला नुसती शिट्टी.

मनकर्णा बोट पुढे करून आली तेव्हा जयवंताने तिचं मनगट धरलं.

“मावशी, बोट लावलं त मणी आणखी खाली जाईन. हात नोका लावू माह्या पोरीले.”

तिने नवऱ्याला, कवडूला, बंडी जुंपायला सांगितलं. पुंडलिकराव आडवे आले. त्या घरात पोळ्याचे दोन दिवस बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नसत. मित्रांनो, मीही बैलच आहे. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आमची पुरणपोळी राहू द्या, आधी जुंपा. पण मला कोण विचारतो! जयवंताने सासऱ्यांना वळसा घातला, स्वतः बैल सोडले आणि जू उचललं. ते पाहून कवडू गुपचूप पुढे झाला. निघताना तिने मला काखोटीला मारलं. बाई बावचळली, अशा वेळी खेळणं घेऊन जाऊन राहिली, असं बायका म्हणाल्या. मला राग आला, पण मलाही कळत नव्हतं ती मला कशाला नेते आहे.

बंडी सौसरच्या सरकारी दवाखान्यात पोचली; तिथल्या कंपाउंडरने छाती तपासली आणि मान हलवली. हे नळी घालून काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरचं काम, इथे होणार नाही, तो म्हणाला. पोरीला खायला-प्यायला काही दिलं नाही, घशात बोट घालू दिलं नाही, याबद्दल त्याने जयवंताला शाबासकी दिली आणि छिंदवाड्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, कारण आमचा जिल्हा तो. छिंदवाड्याची गाडी संध्याकाळी होती. नागपूरची छोटी गाडी अर्ध्या तासात येणार होती. कवडू चिठ्ठी हातात घेऊन घुटमळत राहिला. सरकारी कागदावर छिंदवाडा लिहिलं आहे, नागपूर आता दुसऱ्यांचं, तिथे कोण उभं करेल, असं तो म्हणू लागला.

“माह्या पोरीले राज्य नाई पायजे,” जयवंता म्हणाली. “तिले श्वास पायजे. तुमी तिकीट काढा.”

गाडीत तिने छायाला मांडीवर सरळ बसवून धरलं. लोधीखेड्याला एका बाईने पाणी पुढे केलं, तेही तिने परतवलं. दर शिट्टीसरशी ती श्वास मोजत होती. मी तिच्या कुशीला दाबलेला होतो.  मणी मीच बांधले, मीच बांधले, असं ती पुटपुटत होती.

दिवेलागणीला आम्ही नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. टेबलामागच्या कारकुनाने चिठ्ठी वाचली. ही छिंदवाड्याच्या नावाची आहे आणि तुमचं राज्य दुसरं, असं तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पुढ्यात रकाने होते. जयवंताने मला त्याच्या उघड्या वहीवर धाडकन ठेवलं.

“मागच्या दिवाळीपर्यंत आमी तुमचेच होतो. माह्या लेकराचा श्वास अडकला हाय. तो कोण्या राज्याचा, ते तुमी सावकाश लिहा. आधी डाक्टर बलवा.”

तिचा आवाज ऐकून डॉक्टर आपणच बाहेर आले. मणी केवढा होता, असं त्यांनी विचारलं. जयवंताने माझी मान त्यांच्यापुढे केली.

“असाच. याचेच भाऊ.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक मणी उजेडात धरून पाहिला. भोक आरपार होतं, त्यातूनच हवा जात होती, म्हणून पोर इथवर पोचली, असं ते म्हणाले. त्यांनी सूत कापून तो मणी काढून घेतला, लांब दांड्याचे चिमटे मागवले आणि एकेक लावून पाहिला. पहिला घसरला. दुसरा घसरला. तिसऱ्याचं टोक भोकात नीट बसलं. तो चिमटा घेऊन ते छायाला आत घेऊन गेले. आता कळलं मला, मी कशाला आलो होतो ते!

कवडू भिंतीला टेकून बसला. जयवंता दाराकडे तोंड करून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. बऱ्याच वेळाने आतून रडणं ऐकू आलं, घोगरं, चिडकं आणि भरल्या छातीचं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मणी दाखवला. इतक्या लहान पोरीला असले मणी कोणी दिले, त्यांनी विचारलं.

“म्या,” जयवंता म्हणाली. तिने सबब सांगितली नाही.

घरी परतल्यावर पुंडलिकराव मला चुलीत घालायला निघाले. जयवंताने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. चूक माही, बैलाची नाई, एवढंच ती बोलली. पुढच्या वर्षी छाया गावभर मला ओढत मिरवली, माझ्या गळ्यात नुसती झेंडूची फुलं होती. नंतर ती मोठी झाली, मी फळीवर चढलो, शिंग मोडलं, धूळ बसली. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, लहानग्यांच्या खेळण्याला मणी, बटण, बी काही बांधू नका. कोणी काही गिळलं तर मार बसेल म्हणून लपवू नका, तसलीच दुसरी वस्तू घेऊन डॉक्टरकडे धावा. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन एखाद्या टेबलामागे बसाल, समोर कोणी लेकरू घेऊन येईल, तेव्हा वही मिटा आणि आधी दार उघडा.