थट्टेच्या सोयऱ्याची मूठमाती

गुडघा सुजून हमाल मिहाम्बो पूर्व आफ्रिकेतल्या माहेंगेच्या वाटेवर दारूगोळ्याच्या पेटीसकट खाली बसला, तेव्हाच त्याला कळून चुकलं की आपली घटका भरली. जर्मनांची फौज माघार घेत होती. मागे राहिलेला हमाल इंग्रजांना वाट दाखवील, म्हणून त्याला गोळी घालायचा हुकूम होता. युद्ध कुणाचं आणि मरतंय कोण!

तुकडीच्या सुभेदारानं पेटी दुसऱ्या हमालाच्या डोक्यावर चढवली आणि एका शिपायाला मागे ठेवून तो पुढे गेला.

"मलाच बरी सापडतात असली कामं!" पुटपुटत शिपायानं बंदूक भरली.

मिहाम्बोनं कान टवकारले. शिपायाच्या बोलण्याची ढब किनाऱ्याची होती, झारामो जमातीची. म्हणजे हा न्याम्वेझी मिहाम्बोचा थट्टेचा सोयरा! न्याम्वेझी आणि झारामो एकमेकांना वाटेल ते बोलतात, रागवायचं कुणी नाही; आणि एक मेला की दुसराच येऊन, मढ्याला शिव्या घालत मूठमाती देतो.

"ए मासेखाऊ," मिहाम्बो म्हणाला, "बंदूक येते का चालवायला, का जाळंच टाकतोस?"

शिपाई थबकला. "न्याम्वेझी होय रे तू? ओझ्याखाली जन्मलेले म्हणे तुम्ही, आणि एका पेटीनं बसलास मटकन!" पण तो हसला नाही. "त्या खड्ड्यात आडवा हो."

संपलं. मिहाम्बो गुडघा ओढत खड्ड्यात सरकला. धाड! कानापाशी माती उडाली. मग अंगावर पाला पडू लागला.

"हलू नकोस, गाढवा."

पावलं वाजली. "मेला?" सुभेदाराचा आवाज.

"गेला हो, आळशी गेला!" शिपायानं गळा काढला. "ज्वारीचं कोठार वाचलं! बायकोला सांगा, आता घोरणं ऐकायला नको! सोयऱ्याचा मान घेतल्याशिवाय नाही माती द्यायचा!" आणि मान म्हणून त्यानं मिहाम्बोची चटई काखेत मारली.

सुभेदार याच मुलखातला. जिवंत माणसावर ही मढ्यावरची थट्टा केली तर तो खरोखर मरतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. असलं धाडस कोण करणार? तो हसत माघारी वळला.

पण ते मिहाम्बोलाही ठाऊक होतं. पावलं विरली, जंगल शांत झालं, तरी तो हलेना. आपण उरलो की गेलो? भीतीनं त्याला श्वाससुद्धा जाणवत नव्हता. शेवटी त्यानं हात सरकवून गुडघा दाबला.

अशी कळ आली की तो पाल्यात तोंड खुपसून रडला, आणि रडता रडता त्या मासेखाऊला तोंडभर शिव्या देत राहिला.