घंटेचं पाणी

टाकळवाडीच्या मिशन शाळेवर सरकारनं प्रशासक बसवला, त्या दिवशी गिताबाईनं रोजच्यासारखी साडेदहाची घंटा दिली. वर मान करून बघते तर एक माणूस एम-एटीवरून उतरून घंटेखाली उभा, आणि घंटेकडं असं बघतोय की ती आत्ता अंगावर पडणार आहे.

हेच ते प्रशासक. हौसराव साहेब. अकरा वर्षं गिताबाई ज्या कागदासाठी देव पाण्यात घालून बसली होती, तो कागद ह्यांच्याच पिशवीत होता. तिला शिपाई म्हणून कायम करायचा प्रस्ताव.

शाळा तशी दौंडच्या ट्रस्टची. कधीकाळी एका गोऱ्या पाद्र्यानं बांधलेली, भिंतीला भिंत लावून चर्च. पुढं ट्रस्टमध्ये दोन गट पडले, दोन्ही गटांनी आपापला चेअरमन निवडला आणि दोघांनीही सरकारला कळवलं की दुसरा खोटा आहे. त्यातच टाकळवाडीतून एक अर्ज गेला: शाळेत हिंदूंच्या पोरांना येशूची गाणी शिकवतात, सबब शाळा सरकारनं ताब्यात घ्यावी. खाली एक्केचाळीस सह्या. अर्ज लिहिला होता संपत माळ्याच्या दत्तानं. दत्ता रांजणगावच्या कंपनीत कामाला होता, कारेगावात खोली घेऊन राहायचा, आणि धर्माची काळजी सुट्टीच्या दिवशी करायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं. ते ह्याच शाळेत हेडबाई मोनिकाबाईंनी बोटांवर पट्ट्या मारून वळवलेलं.

हौसरावांकडं आदेश होता: धार्मिक बाबी बंद, शैक्षणिक बाबी चालू. साहेब खडू घेऊन शाळाभर फिरले. येशूच्या तसबिरीवर लिहिलं ‘धा’. फळ्यावर ‘शै’. माठावर ‘शै’. नाताळच्या चांदणीवर ‘धा’. लिंबाच्या झाडापाशी अडले.

“हे कुणी लावलं?”

“पाद्र्यानं,” मोनिकाबाई म्हणाल्या.

साहेबांनी ‘धा’ लिहिलं.

“पण चौथीचा वर्ग ह्याच्याच खाली बसतो.”

साहेबांनी ‘धा’ पुसून ‘शै’ लिहिलं. मग घंटा आली.

“बाई, ही घंटा धार्मिक की शैक्षणिक?”

“पितळी हाय साहेब,” गिताबाई म्हणाली.

“तसं नाही. वाजते कशासाठी?”

“सोमवार ते शनिवार शाळंसाठी. रविवारी उपासनेसाठी.”

हौसरावांचा हात घंटेपर्यंत जाऊन मागं आला. खडू हातात तसाच. “हे बघा बाई, घंटा वाजवणं हेच तुमचं काम. घंटा शैक्षणिक ठरली तर तुम्ही कायम. धार्मिक ठरली तर तुम्ही भाविक. आणि भाविकांना मान्यता द्यायची सोय नाही.”

“मग शैक्षणिक लिवा की!”

“लिहिली तर ती सरकारची होते. मग रविवारी वाजवायची नाही. मग तुमचे ख्रिस्ती लोक मोर्चा काढणार. बदली माझी होणार.”

साहेबांनी वर विचारणा केली. वरून उत्तर आलं: घंटा धार्मिक असल्यास बंद करावी, शैक्षणिक असल्यास चालू ठेवावी, निर्णय स्थानिक पातळीवर घ्यावा. हे वाचून साहेबांनी स्थानिक पातळीवर एक बारदान मागवलं, घंटेला गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि वर लाखेचा शिक्का मारला.

इथं टाकळवाडीची एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी साहेबांना कुणी सांगितली नव्हती. बंधाऱ्यावरून गावाचा एकच पाट. एका अंगाला माळ्यांची शेवंती, दुसऱ्या अंगाला धनगरांचा कांदा. पाणी कुणी कधी आपल्या रानात वळवून घ्यायचं यावरून जुन्या काळी डोकी फुटायची. मग कुणीतरी ठरवलं की शाळेची घंटा झाली की पाळी बदलायची. साडेदहाला, दीडला आणि पाचला. रविवारीसुद्धा गिताबाई उपासनेची एक देऊन दीडची आणि पाचची सवयीनं द्यायची. दौंडहून येणारे पाळक तिला फार श्रद्धाळू समजायचे.

आता गावात मनगटोमनगटी घड्याळं होती. पण संपत माळ्याचं घड्याळ मल्हारी धनगराला चालायचं नाही आणि मल्हारीचं संपतला नाही. घंटा दोघांना चालायची. ती ना माळ्याची ना धनगराची. ती येशूची.

घंटा पोत्यात गेली त्या दुपारी मल्हारीनं पाणी सोडलंच नाही.

“घंटा कुठं झाली आप्पा?” तो बांधावर बसून संपतला म्हणाला. “माझी पाळी चालूच हाय.”

“आरं, सूर्व्य मावळायला आला!”

“सूर्व्याचं ठरलं न्हवतं. घंटंचं ठरल्यालं.”

इकडं ख्रिस्ती घरं आठ, पण गावातली एकुलती एक गिरणी त्यांच्यातल्या तात्याबाची. त्यानं पाटी लावली: ‘गिरणी धार्मिक कारणास्तव बंद.’ ज्यांनी अर्जावर सह्या केल्या त्या एक्केचाळीस घरांना दळणासाठी शिक्रापूरची एसटी धरायची वेळ आली. माळ्यांनी मग चर्चला फुलं द्यायची बंद केली. दोन्हीकडच्या बायका विहिरीवर एकमेकींकडं पाठ करून पाणी शेंदायला लागल्या, आणि पाठ करून शेंदता येत नसल्यानं दोन कळश्या विहिरीत गेल्या.

“आपल्या बिरोबाच्या देवळात घंटा हाय का न्हाई?” मल्हारीनं तोड काढली. “तीच धरू.”

“धरू,” संपत म्हणाला. “देव समद्यांचा.”

दोघं पाटाच्या तोंडाशी फावडी घेऊन बसले. पण देवळाची घंटा जो आत जाईल तो वाजवतो. साडेअकरापर्यंत पाणी एकोणीस वेळा इकडचं तिकडं झालं. संपतची म्हातारी धुरपदा तर पायरीवरच मुक्काम ठोकून बसली. लेकाची पाळी गेली रे गेली की उठायची, घंटा बडवायची, परत बसायची. तेवढ्यात एक वऱ्हाड नवरा-नवरीला पाया पडायला घेऊन आलं. साठ माणसं. प्रत्येकाची एक घंटा, करवल्यांच्या दोन-दोन. संपत आणि मल्हारी पाटावर फावडी घेऊन नाचायला लागले, दोघांकडची पाटाची मातीची दारं एकदम फुटली आणि सगळं पाणी रस्त्यावर गेलं. त्या चिखलात दुसऱ्या पाळीची कंपनीची बस चाकापर्यंत रुतली. सुट्टी संपवून कामावर निघालेला दत्ता आतच होता. ढकलायला उतरला आणि गुडघ्यापर्यंत गेला.

खिडकीतून त्याच्याबरोबरच्या बिहारी हेल्परनं विचारलं, “दत्ता भाई, तेरे गाँव में शादी है कि बाढ़?”

गावातल्या मुलाणीचाचांकडं जाऊन कुणी म्हणालं, तुमची बांग तरी धरू. चाचांनी कानाला हात लावला. “आमची वेळ दिसावर असती. रोज मिनिटभर सरकती. आज सरकली की उद्या म्हणाल, मुलाण्यानं पाणी चोरलं. आमाला न्हाई यात घ्यायचं.”

ह्या सगळ्यात गिताबाई मात्र वेगळ्याच काळजीत. घंटा बंद म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे प्रस्ताव बंद. तिचा भाऊ शंभू दौंड स्टेशनाजवळ भंगारचं दुकान चालवायचा. रविवारी ती दौंडला गेली आणि रेल्वेच्या रुळाचा दोन हात लांब तुकडा टेम्पोत घालून घेऊन आली.

हौसराव दचकले. “बाई, ही रेल्वेची मालमत्ता!”

“लिलावातला हाय. ही पावती.”

साहेबांनी पावती उजेडात धरून बघितली, उलटी करून बघितली. मग लिंबाला टांगलेल्या रुळाभोवती फिरले. रुळाला धर्म दिसेना. त्यांनी आनंदानं त्यावर ‘शै’ लिहिलं आणि शेजारी सहीसुद्धा केली.

गिताबाईनं हातोडी मारली. काय आवाज! पार बंधाऱ्यापर्यंत. पाणी परत शिस्तीत फिरायला लागलं. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं, आणि साहेबांनी प्रस्तावाची घडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. चौथ्या दिवशी संपत पाटावर विडी ओढता ओढता एकदम थांबला.

“ह्यो रूळ वाजवतं कोण?”

“गिता,” म्हातारी म्हणाली.

“म्हंजी मल्हारीच्या चुलत्याची सून?”

अर्ध्या तासात सगळी माळआळी शाळेच्या आवारात.

“धनगराच्या सुनंनं धनगराचं पाणी मोजायचं व्हय?” संपत गरजला.

“आप्पा, अकरा वर्सं मीच वाजवती की!”

“तवा ती येशूची घंटा हुती. तुझा निस्ता हात हुता. आता घंटा बी तुझी आन् हात बी तुझा.”

“मग कुणाचा हात पायजे तुमाला?”

“कुणातरी ख्रिस्ती माणसाचा,” संपत म्हणाला. “त्याला ना शेवंती ना कांदा.”

दत्ताला सांगावा गेला. दत्ता आला आणि त्यानं त्याच मोत्यासारख्या अक्षरात दुसरा अर्ज लिहिला: मिशन शाळेत ख्रिस्ती धर्माचाच शिपाई नेमावा, अन्यथा आंदोलन करण्यात येईल. खाली तेच एक्केचाळीस.

हौसरावांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. एक सही इकडं बघ, एक सही तिकडं बघ, असं बराच वेळ चाललं.

“पहिल्या अर्जात ख्रिस्ती नकोत, दुसऱ्यात ख्रिस्तीच पाहिजेत?”

“तवाचं येगळं हुतं साहेब,” दत्ता खाली मान घालून म्हणाला. “तवा पाण्याचं डोक्यात न्हवतं.”

तात्याबाकडं माणूस गेला. तात्याबा गिरणीच्या दारात उभा राहून म्हणाला, “आमची घंटा पोत्यात बांधायची आन् तुमच्या शेवंतीला वेळ आमी सांगायची? जा, शिक्रापूरला दळून या.”

हौसरावांनी प्रस्ताव परत पिशवीत घातला. “बाई, तुमचं पद आता वादग्रस्त झालं. मला सही करता येत नाही.”

गिताबाईनं त्यांच्याकडं बघितलं, मग हातातल्या हातोडीकडं. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. पण तिनं ती हातोडी नीट त्यांच्या टेबलावर ठेवली.

“मग ठोका तुमीच. माझ्या हाताला जात हाय म्हनं.” आणि ती घरी गेली.

दीड वाजत आले. आवारात एका बाजूला माळी, एका बाजूला धनगर. हौसरावांनी इकडंतिकडं बघितलं, हातोडी उचलली आणि रुळावर एक हाणली. सगळे मुकाट्यानं पांगले. संपत जाता जाता मल्हारीला म्हणाला, “साहेब बरा. ना माझा ना तुझा.”

झालं! हौसराव अडकले. रोज साडेदहा, दीड, पाच. तालुक्याला मीटिंगला जायला निघाले की कुणीतरी एम-एटीच्या चाकातली हवा काढून ठेवायचं आणि वर अदबीनं सांगायचं, “पाचची देऊन जा साहेब, मग भरून देतो.” मोनिकाबाई वर्गाच्या खिडकीतून हे बघायच्या आणि पोरांना म्हणायच्या, “बघा, वक्तशीरपणा.” पण साहेबांना दुपारी जेवल्यावर डुलकी लागायची. एकदा दीडची घंटा सव्वातीनला झाली आणि मल्हारीचा कांदा पाण्यात तरंगला. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला दचकून उठले आणि तेव्हाच ठोकून मोकळे झाले; संपतची अर्धी पाळी बुडाली. आठवडाभरात मीटिंगला गैरहजर म्हणून वरून नोटीस आली. साहेब लिंबाखाली बसून ती नोटीस वाचत होते, वाचता वाचता दीडची राहिली, आणि दोन्हीकडून शिव्या आल्या.

संध्याकाळी गिताबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. दारात संपत आणि मल्हारी. दोघं एकत्र आलेले गावानं कित्येक वर्षांत बघितले नव्हते. मागं हौसराव.

“गिता, उद्यापासून ये बाई,” संपत म्हणाला.

“मी तर धनगराची. कशी येऊ?”

“चालंल. ह्यो साहेब तर झोपंचा हाय.”

“आप्पा, तुमी माझ्या पोटावर पाय दिला. अर्ज मागं घ्या. आन् साहेब, माझा कागद. सही झाली तर साडेदहाला येते. न्हाईतर तुमची हातोडी तुमच्यापाशी.”

“काकू, मीच लिहितो,” दत्ता कुंपणाच्या मागून म्हणाला. आणि तिसरा अर्ज तिथंच, तिच्याच अंगणात, तिच्याच लाकडी पाटावर बसून लिहिला.

हौसरावांनी एम-एटीच्या सीटवर कागद ठेवून भराभर लिहिलं: रूळ शैक्षणिक, पितळी घंटा धार्मिक, चर्चच्या ताब्यात द्यावी. खाली गिताबाईच्या मान्यतेवर सही केली, शिक्का मारला आणि हवा भरलेल्या चाकांवरून असे गेले की कुत्री मागं लागायलाही चुकली. तात्याबानं स्वतः शिडी लावून बारदान सोडलं. गिरणी सुरू झाली.

शनिवारी पाचची दिल्यावर मोनिकाबाईंनी तिला बोलावलं. “उद्या यायचं नाही हं गिताबाई. तुम्ही कायम झालात, तुम्हाला रविवारची सुट्टी.”

“आन् उपासनेची घंटा?”

“ती वाजवलीत तर परत कुणीतरी खडू घेऊन येईल.”

हे संपतच्या कानावर गेलं तेव्हा तो तडक तात्याबाच्या गिरणीवर गेला. रविवारची पहिली पाळी त्याची होती, आणि घंटा देणारं कुणी नव्हतं. तात्याबानं सांगितलं, “घंटा आमची हाय. वाजवायला माणूस तुमचा घ्या. पण टायमावर यायचं, पायताण बाहेर काढायचं, आन् वाजवून पळून जायचं न्हाई. प्रार्थना संपंपर्यंत बसायचं.” दत्तानं सुपरवायझरच्या पाया पडून आपली गुरुवारची सुट्टी रविवारी करून घेतली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा गिताबाई रविवारी घरी होती. काय करावं सुचेना. तिनं चहा केला, परत केला, उंबऱ्यात येऊन बसली. साडेदहाला घंटा झाली. एकदा धाडकन, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा एकदम, जसा कुणी दोरीला लोंबकळतोय.

तिचा हात आपोआप वर गेला होता. तिनं तो खाली घेतला.

“ओढू नगं रं, सोड,” ती तिथूनच पुटपुटली, आणि कप घेऊन आत गेली.