मी परदेशात बांधलेला पूल

मी एक पूल आहे. हसायचं काम नाही. हातभर लांबीचा, लाकडी काड्यांचा, माझ्यावरून आजवर फार तर एखादी मुंगी गेली असेल. तरी मी पूलच. आणि जन्म परदेशातला आहे बरं का माझा, ऐऱ्यागैऱ्या टेबलावरचा नाही.

मला जिनं बांधलं, ती मुलगी पूल बांधायलाच शिकत होती. घरी तिला तायडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. पदवीच्या शेवटच्या वर्षातलं एक सत्र करायला ती परदेशातल्या विद्यापीठात आली होती. पूल बांधणाऱ्या एका कंपनीनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पदवी याच वर्षी हातात पाहिजे. तिच्या आईनं तर पेढा खाल्ल्यासारख्या तोंडानं साऱ्या शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं.

आता तुम्हाला क्रेडिटची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. पदवीला ठरावीक विषयांची ठरावीक क्रेडिटं, म्हणजे विषय पुरा केल्याचे गुण, लागतात. परदेशी जाण्याआधीच, तिकडचा कोणता विषय घरच्या, म्हणजे आपल्या कॉलेजच्या, कोणत्या विषयाच्या जागी धरायचा हे कागदावर ठरतं, त्यावर घरच्या विभागाची सही होते. सही असली की क्रेडिट चालतं. सही नसली तर तुम्ही तिकडं सोन्याचा पूल बांधा, घरी तो ऐच्छिक विषयात जमा होतो. म्हणजे गुणपत्रिकेवर शोभेला, आणि मुख्य विषय तुमच्या मानगुटीवर तसाच.

तायडी पोचली तर सही झालेल्या विषयाच्या जागा भरून गेलेल्या. तिकडं शिकवणाऱ्या बाईंनी त्याच तोडीची, पूल बांधायची कार्यशाळा सुचवली. तायडीनं इकडं कॉलेजातल्या सरांना फोन लावला. परदेशी गेलेल्या मुलांचं सगळं तेच बघायचे, आणि तो मुख्य विषय शिकवायचेही तेच. सर म्हणाले, कर गं बिनधास्त, मी आहे ना.

हे तिनं मला चिकटवता चिकटवता खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण शहाणी होती. म्हणाली, एक ओळ लेखी मागून घे, विषय बदललाय म्हणून.

तायडीनं जीभ चावली. "सरांकडे लेखी मागू? त्यांना काय वाटेल? पोरीचा माझ्यावर विश्वास नाही, असंच ना?"

मैत्रिणीला यातलं काही कळलं नाही. मलाही त्या वेळी कळलं नाही, मी तेव्हा अर्धाच झालो होतो. पण सांगतो, मला तायडीचा राग येतो तो याच गोष्टीचा. मान ठेवावा माणसानं, पण स्वतःचं वर्ष गहाण ठेवून?

तायडीनं माझ्यासारखाच आणखी एक पूल बांधला होता, आम्ही दोघे जुळे. एकाला वजनं टांगून वर्गात मोडलं, आणि मोडण्याआधी त्यानं सगळ्या वर्गात जास्त भार पेलला. बाईंनी तायडीला पहिला नंबर दिला. उरलो मी. मला तिनं विमानात मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या काकांचं कोपर मला लागू नये म्हणून सगळा प्रवास ती अंग चोरून बसली होती.

घरी आल्यावर ती मला घेऊन थेट सरांच्या खोलीत गेली. सरांनी मला वरून खालून फिरवून पाहिलं. सुरेख आहे म्हणाले. मग चहाचा कप उचलत विचारलं, "मंजुरी कुठंय?"

"सर, मी फोन केला होता. तुम्ही कर म्हणाला होतात."

"मी? अगं, दिवसभर फोनच घेत असतो मी. लेखी काही आहे का?"

"नाही सर."

"मग झालं तर."

एवढंच. आवाज चढला नाही, चहासुद्धा निवला नाही. वर त्यांनी समजूत घातली की एक वर्ष काय, हां हां म्हणता निघून जाईल. तो विषय वर्षातून एकदाच शिकवतात, पुन्हा बसावं लागेल, तेवढाच पाया पक्का होईल. तायडी मला उचलायला लागली, तेव्हा म्हणाले, राहू दे इथंच, मुलांना दाखवायला होईल.

आणि तिनं ठेवलं. नाही म्हणता आलं नाही तिला. कंपनीनं जागा दुसऱ्याला दिली. आई आता शेजाऱ्यांना पाहून दार लोटून घेते, हे तायडी सरांच्या कपाटापाशी कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

आज सरांनी मला वर्गात नेलं. तायडी मागच्या बाकावर, तिच्याहून लहान मुलांत. सरांनी मला उंच धरलं आणि म्हणाले, "नीट बघा. ज्याला असा पूल बांधता येतो, त्याला हा विषय आला असं समजायचं."

कुणीतरी विचारलं, कुणी बांधलाय? सर म्हणाले, आपल्या विभागाचं काम आहे.

मग माझ्या पोटाला आकडा लावून वजनं टांगायला सुरुवात केली. मी पेललं हो, भावापेक्षा थोडं जास्तच पेललं. शेवटी मोडलो. वर्गानं टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. सरांनी हात झटकले, मागं पाहिलं आणि तायडीला म्हणाले, तू मागच्या वर्षीची ना, तुला सगळं येतंच, हे जरा आवर.

तिनं मला गोळा केलं. एक काडी बाकाखाली गेली होती, तीही वाकून काढली. आता मी दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. पोरांनो, परदेशी जाणार असाल तर माझं एवढं ऐका. सरांच्या पाया पडा, त्यांची पिशवी उचला, पण आधी लेखी घ्या.

मला टाकून तायडी दाराबाहेर गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. पण ती लगेच परत येऊन जागेवर बसली. हजेरी व्हायची होती, आणि हजेरी कमी पडली तर हेही क्रेडिट जातं. सरांनी मान वर न करता तिचं नाव घेतलं. ती उभी राहिली.

"हजर, सर."